घाम खारट, श्वासमार्ग कोरडा

१९४८ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये उष्णतेची मोठी लाट आली, तेव्हा उन्हाने गळून गेलेल्या मुलांमध्ये सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजाराचे रुग्ण नजरेत भरण्याइतके होते. बालरोगतज्ज्ञ पॉल डी सांताग्नेसे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या गोष्टीचा पाठपुरावा केला आणि १९५३ मध्ये दाखवून दिले की या मुलांच्या घामातून मीठ प्रमाणाबाहेर वाहून जाते. याच रुग्णांच्या फुप्फुसांत मात्र स्राव इतका घट्ट होतो की तो खोकूनही बाहेर पडत नाही. एकीकडे मीठ वाया जाते, दुसरीकडे पाण्याचा दुष्काळ पडतो, आणि दोन्हींचे मूळ एकाच प्रथिनात आहे.

त्वचेतील ग्रंथी, श्वासनलिका, आतडी, स्वादुपिंडाच्या नलिका या सर्वांचे अस्तर अभिस्तर ऊतींचे, म्हणजे पृष्ठभाग झाकणाऱ्या पेशींच्या थराचे, असते. या पेशींच्या पटलात सीएफटीआर नावाचे प्रथिन असते. क्लोराइड आणि बायकार्बोनेट या ऋणभारित आयनांना ये-जा करण्यासाठी ते एक मार्गिका उघडून देते. ते आयनांना ढकलत मात्र नाही. क्लोराइड कोणत्या दिशेने जाणार, हे त्या त्या ऊतीतील विद्युतभार आणि आयनांची तीव्रता ठरवतात.

घर्मग्रंथीच्या तळाशी असलेल्या वेटोळ्यात तयार होणारा द्रव जवळजवळ रक्तद्रवाइतकाच खारट असतो. तो नलिकेतून वर चढत असताना तिच्या भिंतीतील पेशी सोडियम आणि क्लोराइड परत शोषून घेतात. पाणी मात्र या भिंतीतून फारसे जाऊ शकत नाही, म्हणून त्वचेवर येणारा घाम सौम्य असतो. मार्गिका बंद असली की क्लोराइड आतच अडकते आणि विद्युतभाराचे संतुलन राखण्यासाठी सोडियमही मागे राहते. निरोगी माणसाच्या घामात क्लोराइड सहसा लिटरमागे ३० मिलिमोलपेक्षा कमी असते, तर ६० किंवा त्याहून अधिक आढळल्यास निदान जवळजवळ निश्चित होते. नलिकेच्या भिंतीतून क्लोराइड पार होत नाही, हे १९८३ मध्ये पॉल क्विंटन यांनी सुट्या केलेल्या घर्मनलिकांवर प्रयोग करून सिद्ध केले. क्विंटन स्वतःच या आजाराचे रुग्ण आहेत.

श्वासनलिकेत गणित उलटे आहे. तेथील पेशी क्लोराइड बाहेर सोडतात, आणि ही भिंत पाण्याला अडवत नसल्यामुळे मिठामागोमाग पाणीही बाहेर येते. त्यातून पृष्ठभागावर काही मायक्रोमीटर जाडीचा द्रवाचा थर टिकतो आणि त्यात पेशींवरचे केसांसारखे सूक्ष्म रोमक हलत राहून श्लेष्मा घशाकडे सरकवतात. क्लोराइडचा स्राव थांबला की हा थर आटतो, रोमक श्लेष्म्याखाली दबतात आणि अडकलेल्या श्लेष्म्यात स्यूडोमोनाससारखे जिवाणू ठाण मांडतात. बायकार्बोनेटची उणीवही तितकीच घातक असते, कारण त्याच्याशिवाय श्लेष्म्याचे घट्ट गुंडाळलेले रेणू नीट उलगडत नाहीत. स्वादुपिंडात हीच उणीव नलिका तुंबवते. पाचकरस आतड्यात पोचत नाहीत, चरबी पचत नाही आणि ग्रंथीची हळूहळू नासाडी होते. आजाराचे नाव स्वादुपिंडातील या खुणांवरूनच पडले आहे.

सातव्या गुणसूत्रावरील सीएफटीआरचे जनुक १९८९ मध्ये सापडले. प्रथिनात १४८० अमिनो आम्ले असतात; सर्वाधिक आढळणाऱ्या उत्परिवर्तनात ५०८ व्या स्थानावरचे केवळ एक फेनिलअॅलनिन गळालेले असते. तेवढ्यानेही प्रथिनाची घडी चुकते आणि पेशी ते पटलापर्यंत पोचण्याआधीच मोडीत काढते. इतर काही उत्परिवर्तनांत प्रथिन जागेवर पोचते, पण मार्गिका उघडत नाही. अशांपैकी एका प्रकारासाठी २०१२ मध्ये अमेरिकेत आयव्हाकाफ्टर हे औषध मंजूर झाले, आणि प्रथिनाची घडी सुधारणाऱ्या औषधांशी त्याची जोड दिलेले तिहेरी मिश्रण २०१९ मध्ये आले.

या औषधांचा परिणाम सर्वांत स्वच्छ दिसतो तो घामात. चाचण्यांमध्ये आयव्हाकाफ्टर घेणाऱ्या रुग्णांच्या घामातील क्लोराइड सरासरी ६० च्या खाली उतरले. फुप्फुसांची क्षमताही सुधारली, पण घामाइतकी पूर्ववत झाली नाही, कारण घर्मनलिकेला आजाराने इजा झालेली नसते, तर फुप्फुसांत वर्षानुवर्षांच्या संसर्गाने पडलेले व्रण मार्गिका उघडली तरी राहतातच.