जास्त जीबी म्हणजे वेगवान ग्राफिक्स कार्ड?

‘४ जीबीचं ग्राफिक्स कार्ड २ जीबीच्या दुप्पट पळतं’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. खोक्यावर तोच आकडा ठळक छापलेला असतो, त्यामुळे तो पटणं साहजिक आहे.

पण जीबी म्हणजे कार्डाच्या स्वतःच्या मेमरीतली साठवणीची जागा. ती कमी पडली की गेम अडखळतो, हे खरंच. पुरेशी असेल, तर मात्र वाढीव जीबीने वेग वाढत नाही. वेग ठरतो तो मुख्य चिपवर आणि मेमरीतून दर सेकंदाला किती डेटा ये-जा करतो यावर, म्हणजे बँडविड्थवर.

एनव्हिडियाच्या जीटी १०३० या कार्डाचंच उदाहरण घ्या. नाव तेच, २ जीबी तेच. पण एका प्रकारात जीडीडीआर५ मेमरी, दुसऱ्यात डीडीआर४. हिशेब असा: बसची रुंदी (मेमरी आणि चिप यांच्यातला मार्ग एका वेळी किती बिट नेतो) गुणिले मेमरीचा वेग (गिगाबिट प्रतिसेकंद), भागिले ८, कारण ८ बिट म्हणजे १ बाइट. पहिल्यात ६४ × ६ ÷ ८ = ४८ जीबी प्रतिसेकंद, दुसऱ्यात ६४ × २.१ ÷ ८ = १६.८. जवळपास तिपटीचा फरक, आणि तो खेळताना चांगलाच जाणवतो. माझ्या मते हा आकडाही खोक्यावर ठळक असायला हवा.

वेगवेगळ्या चिपच्या कार्डांची तुलना मात्र नुसत्या बँडविड्थवरून करू नका. दुकानात मेमरीचा प्रकार आणि बसची रुंदी विचारा. कार्ड आधीच बसवलेलं असेल, तर जीपीयू-झेड हा मोफत प्रोग्रॅम उघडा. दोन्ही गोष्टी आणि बँडविड्थ पहिल्याच पानावर दिसतात.