लिउ शियांग बीजिंगमध्ये पडला नव्हता

चीनच्या लिउ शियांगचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, "२००८ ला घरच्या मैदानावर पहिल्याच हर्डलला धडकून पडला आणि एका पायावर शेवटपर्यंत गेला, तोच ना?" तोच, पण हे बीजिंगमध्ये घडलेलं नाही. २००८ चं बीजिंग आणि २०१२ चं लंडन अशी दोन ऑलिंपिक, दोन दुखापती, आणि लोकांनी त्यांची एकच गोष्ट करून टाकली आहे. घोळ व्हायला कारणंही आहेत. दोन्ही वेळा शर्यत ११० मीटर हर्डल्सची, म्हणजे अडथळ्यांची, दोन्ही वेळा पहिलीच फेरी, आणि दोन्ही वेळा उजव्या पायाची तीच टाच.

लंडनची चित्रफीत बहुतेकांनी पाहिलेली असते, म्हणून ते थोडक्यात. ७ ऑगस्ट २०१२. पहिल्या हर्डलला धडक, पडणं, मग डाव्या पायावर उड्या मारत ट्रॅकच्या कडेने शेवटापर्यंत जाणं, वाटेत शेवटच्या हर्डलवर टेकवलेले ओठ. हंगेरीच्या बालाझ बाजीने विजेत्याचा उंचवावा तसा त्याचा हात उंचावला. हे सगळं लंडनचं.

बीजिंगमध्ये यातलं काहीच झालं नाही. १८ ऑगस्ट २००८, सकाळची वेळ, 'बर्ड्स नेस्ट' स्टेडियम खच्चून भरलेलं. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये १२.९१ सेकंदांत सुवर्ण घेऊन जागतिक विक्रमाची बरोबरी करणारा, २००६ ला लोझानमध्ये १२.८८ चा नवा विक्रम रचणारा आणि २००७ ला ओसाकात जगज्जेता झालेला माणूस सरावाच्या धावेतच कळवळताना दिसत होता. तरी तो सुरुवातीच्या ब्लॉकमध्ये बसला. बंदूक वाजली, पण एकाचा फॉल्स स्टार्ट झाला, म्हणजे तो इशाऱ्याआधीच सुटला, आणि सगळ्यांना परत बोलावलं गेलं. तेवढ्या चार-दोन पावलांतच लिउला कळून चुकलं. मांडीवर चिकटवलेले लेनचे आकडे त्याने ओढून काढले आणि तो बोगद्यात निघून गेला. एकही हर्डल त्याने ओलांडला नाही, की एकालाही तो धडकला नाही. शर्यत त्याच्याविना पुन्हा सुटली. तो स्टार्ट रद्द झालेला असल्यामुळे निकालपत्रात त्याच्या नावापुढे 'सुरुवात केली नाही' अशी नोंद आहे, 'पूर्ण केली नाही' अशी नाही. म्हणून "बीजिंगला शर्यत अर्धवट सोडली" हेही चूकच.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते "फॉल्स स्टार्टमुळे बाद झाला" हे वाक्य. फॉल्स स्टार्ट त्याचा नव्हताच. आणि असता, तरी त्या काळच्या नियमाप्रमाणे शर्यतीतल्या पहिल्या फॉल्स स्टार्टवर कुणी बाद होत नसे. त्यानंतर जो चुकेल तो बाहेर. पहिल्याच चुकीला घरी पाठवणारा नियम २०१० पासून आला. लिउ फॉल्स स्टार्टने बाद झाला होता हे खरं आहे, पण ते २००८ च्याच जूनमध्ये, अमेरिकेत युजीनला. बहुधा तेच लोकांच्या डोक्यात बीजिंगला येऊन चिकटलं असावं.

टाच एकच असली तरी दुखणं वेगळं होतं. बीजिंगच्या वेळी टाचेमागच्या अकिलीस टेंडनचं जुनं, साचत आलेलं दुखणं होतं. त्यावर डिसेंबर २००८ मध्ये ह्यूस्टनला शस्त्रक्रिया झाली. लंडनमध्ये ते टेंडन तुटलंच. पहिल्यात धावता येत नव्हतं, दुसऱ्यात पाय टेकवतासुद्धा येत नव्हता. बीजिंगमध्ये तो चालत गेला आणि लंडनमध्ये उड्या मारत, ते यामुळे. बीजिंगच्या चालत जाण्याला "नाटक" आणि लंडनच्या उड्यांना "जिद्द" म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. तुटायच्या आधी थांबणं हाही खेळाडूचाच निर्णय असतो.

"बीजिंगला त्याची कारकीर्द संपली" हेही ऐकू येतं. सप्टेंबर २००९ मध्ये शांघायला तो परतला आणि १३.१५ सेकंदांत दुसरा आला. २०१० ला ग्वांगझू आशियाई स्पर्धेत १३.०९ चं सुवर्ण, २०११ ला देगूत जागतिक रौप्य, २०१२ च्या मे महिन्यात शांघायला १२.९७. लंडननंतर मात्र तो एकही शर्यत धावला नाही. एप्रिल २०१५ मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली.