गोवर पेप्टाइड लस : लक्ष्य-प्रथिनांची निवड

गोवराच्या विषाणूतील प्रथिनांचे नेमके कोणते तुकडे प्रतिकारशक्ती जागवतात हे हेरून, तेवढेच तुकडे (पेप्टाइड) वापरून लस घडवण्याची संशोधनपद्धती. अशी लस अद्याप वापरात नाही.

जिवंत पण दुर्बल केलेल्या विषाणूची प्रचलित लस उत्तम काम करते. मग ही खटपट कशासाठी? आईकडून आलेली प्रतिपिंडे (रोगजंतूंना चिकटणारी संरक्षक प्रथिने, अँटिबॉडी) बाळाच्या रक्तात असेपर्यंत ती लस नीट लागू पडत नाही, म्हणून भारतात पहिला डोस ९ महिने पूर्ण झाल्यावर देतात. प्रतिकारशक्ती फार खालावलेल्यांना तर ती देताच येत नाही. शिवाय उष्णता. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, आणि ही लस आइसपॅक घातलेल्या व्हॅक्सिन कॅरियरमधूनच अंगणवाडीपर्यंत न्यावी लागते; कुपीत द्रावक मिसळल्यावर ४ तासांत वापरावी लागते. कोरड्या पेप्टाइडांना उष्णता सहसा एवढी बाधत नाही.

विषाणूची ६ जनुके ८ प्रथिने घडवतात. त्यांपैकी पृष्ठभागावरचे एच प्रथिन सर्वांत महत्त्वाचे. ते पेशीवरच्या ग्राहक-रेणूला (रिसेप्टरला) चिकटते आणि विषाणू निष्प्रभ करणारी बहुतांश प्रतिपिंडे त्याच्याच विरुद्ध असतात. पेशीच्या आवरणात विषाणूचे आवरण मिसळवणारे एफ प्रथिन त्याखालोखाल. आतले एन प्रथिन विपुल असते. त्याविरुद्धची प्रतिपिंडे विषाणूला अडवत नाहीत, पण टी-पेशींसाठी (विषाणूचे तुकडे ओळखणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशींसाठी) ते चांगले लक्ष्य ठरते.

एच प्रथिनाच्या साखळीत ३८६ व ३९४ या स्थानांवरील सिस्टीन (एक अमिनो आम्ल) एकमेकांना जोडले जाऊन एक फास तयार होतो. पेप्टाइड लसीसाठी हा भाग बराच अभ्यासला गेला. अडचण आकाराची आहे : प्रतिपिंडे बहुधा घडी पडलेल्या प्रथिनाचा आकार ओळखतात, सुटा सरळ तुकडा नव्हे. संगणकाने काढलेली ‘संभाव्य’ पेप्टाइडांची यादी म्हणूनच फार तर सुरुवात मानावी. प्रयोगशाळेत विषाणू रोखला गेला तरच ती खरी. चुकीच्या प्रतिसादाची किंमत मोठी असते. १९६० च्या दशकात अमेरिकेत मृत विषाणूची लस घेतलेल्या काही मुलांना पुढे संसर्ग झाल्यावर वेगळ्याच स्वरूपाचा, तीव्र गोवर झाला होता.

टी-पेशींना पेप्टाइड दाखवणारे एचएलए रेणू माणसागणिक भिन्न असतात आणि त्यांचे प्रमाण लोकसमूहानुसार बदलते. युरोपीय नमुन्यांवरून निवडलेले तुकडे विदर्भातल्या मुलांमध्ये तितकेच चालतील असे गृहीत धरता येत नाही. त्यासाठी इथल्या लोकांचे एचएलए प्रकार तपासावे लागतात.