पंक्चर काढताना भोक आधी घासतात कशासाठी?

ट्यूबलेस टायरच्या किटमध्ये ‘टी’ आकाराच्या मुठीची दोन हत्यारं असतात. एकाच्या दांड्यावर खरखरीत आटे असतात, ती रास्प. दुसऱ्याच्या टोकाला दाभणासारखं नेढं असतं, ती सुई. भोक बुजवणारी चिकट रबरी पट्टी आत घालण्याचं काम सुई करते, म्हणून सगळं लक्ष तिच्याकडे जातं. पंक्चर टिकणार की आठवड्यात पुन्हा हवा उतरणार, हे मात्र बहुतेक वेळा रास्पच ठरवते. घाईत नेमकं तिचंच काम अर्धवट राहतं.

रबाळे, महापे, तुर्भे, वागळे इस्टेट अशा कारखान्यांच्या भागात रस्त्यावर स्क्रू, खिळे आणि लेथवरची पोलादी चूर पडलेली असते. पावसाळ्यात त्यांचा त्रास जास्त. पाणी वंगणाचं काम करत असल्यामुळे ओलं रबर सहज कापलं जातं आणि डबक्याखालचा खिळा दिसतही नाही. खिळा रबर बाजूला ढकलत आत शिरतो, त्यामुळे त्याने केलेल्या भोकाची भिंत गुळगुळीत असते आणि तिला धूळ, पाणी, गंज चिकटलेला असतो. अशा भिंतीला कुठलंही रबर धरत नाही. रास्प ही भिंत खरवडून ताजं, खरखरीत रबर उघडं करते. मोटारीच्या रेडियल टायरमध्ये नक्षीखाली पोलादी तारांचे पट्टे असतात. खिळ्याने तुटलेल्या तारांची धारदार टोकं भोकात डोकावत राहिली, तर चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात ती पट्टीला कापत राहतात. रास्प ती टोकंही घासून बोथट करते.

सुरुवातीला भोकाभोवती खडूने खूण करावी. खिळा पक्कडीने ओढताना तो कोणत्या कोनात शिरलाय हे नीट पाहावं, कारण रास्प त्याच कोनात जायला हवी. तिरक्या भोकात ती सरळ रेटली तर आत दुसरी वाट तयार होते. मग पट्टी एका वाटेत बसते आणि हवा दुसरीतून निघते. रास्पला सोल्यूशन, म्हणजे पंक्चरचा रबरी गोंद, लावून ती पूर्ण आत घालावी आणि फिरवत आठ-दहा वेळा आत-बाहेर करावी. शेवटी ती फारशी अडखळता कामा नये. पाऊस असेल तर त्याआधी भोकाचा भाग फडक्याने कोरडा करावा, कारण ओल्या रबरावर सोल्यूशन धरत नाही.

पट्टी म्हणजे कच्च्या, चिकट रबरात घोळवलेले दोरे. लांबी साधारण १० सेंटीमीटर. ती नेढ्यातून अर्धी ओढून दोन्ही बाजू सारख्या कराव्यात, सोल्यूशन लावावं आणि टायरबाहेर सव्वा ते दीड सेंटीमीटर शेपट्या उरेपर्यंत सुई रेटावी. इथे जोर लागतो. स्वस्त किटची प्लास्टिकची मूठ दांडा जिथून निघतो तिथेच तुटते आणि हाताला लागते, म्हणून धातूची मूठ घ्यावी. यानंतर सुई न पिळता एका झटक्यात सरळ बाहेर ओढायची. नेढ्याला टोकाशी फट असते. तिच्यातून पट्टी सुटते आणि दुमडलेला भाग टायरच्या आत गाठीसारखा अडकून राहतो. सुईबरोबर पट्टीही बाहेर आली, तर फट दबून बंद झाली असेल किंवा सुई फार हळू ओढली गेली असेल. फटीची कड खरबरीत असेल तर ती दोरे तोडते. नवी सुई वापरण्यापूर्वी बारीक पॉलिश पेपरने ती कड साफ करून ठेवावी. उरलेल्या शेपट्या नक्षीच्या वर २-३ मिलिमीटर ठेवून ब्लेडने कापाव्यात. कापताना त्या ओढू नयेत.

हवेच्या दाबाने पट्टी उडून जाईल अशी भीती अनेकांना वाटते. हिशेब करून पाहू. ३३ पीएसआय म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला सुमारे २.३ किलो. ५ मिलिमीटर व्यासाच्या भोकाचं क्षेत्रफळ जेमतेम ०.२ चौरस सेंटीमीटर, म्हणजे पट्टीवरचा जोर अर्ध्या किलोपेक्षाही कमी. पट्टी ढिली होते ती टायर सतत वाकल्यामुळे. नक्षीचा भाग पोलादी तारांच्या पट्ट्यांमुळे ताठ असतो, पण टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात दबते आणि फुगते. म्हणून बाजूला किंवा खांद्यावर, म्हणजे नक्षी आणि बाजू जिथे मिळतात तिथे, पडलेलं भोक पट्टीने बुजवू नये. नक्षीतही ६ मिलिमीटरपेक्षा मोठं भोक या पद्धतीचं नाही.

शिवाय हवा रोखण्याचं खरं काम टायरच्या आतला ब्युटाइल रबराचा पातळ थर करतो. बाहेरून घातलेली पट्टी भोक भरते, पण त्या थराची फाटलेली कड बंद होईलच याची खात्री नसते. तिथून हवा टायरच्या थरांत शिरते, पाणी तारांपर्यंत पोहोचतं आणि पोलाद गंजतं. घोडबंदर रोडवरून रोज ये-जा करणाऱ्या किंवा सायन-पनवेल महामार्गावर वेगात जाणाऱ्या मोटारीसाठी पट्टी हा प्रथमोपचार समजावा. पुढे टायर रिंगवरून उतरवून आतून मशरूम पॅच, म्हणजे भोकात बसणारा दांडा आणि आतून चिकटणारी टोपी असलेला पॅच, लावून घ्यावा. तेव्हा आत काळी रबराची भुकटी दिसली, तर टायर हवेविना चालून बाजूने भाजला आहे. तो दुरुस्त करू नये, बदलावा.

ट्यूब असलेल्या टायरमध्ये भोकावर पॅच चिकटवतात, आणि तिथे सगळा खेळ थांबण्याचा आहे. १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयर यांनी गंधकाबरोबर रबर तापवून ते टिकाऊ करण्याची रीत शोधली. रबराच्या लांब रेणूंमध्ये गंधकाचे पूल बांधले जातात. आजच्या थंड पॅचमध्ये सोल्यूशन आणि पॅचखालचा थर यांतली रसायनं एकत्र येऊन हेच काम उष्णतेशिवाय करतात. त्यासाठी सोल्यूशनमधला द्रावक आधी उडून जायला हवा. ओल्यावरच पॅच दाबला तर द्रावक अडकून बुडबुडे होतात आणि कड उचलली जाते. ट्यूब कानशीने घासून चमक घालवावी, पॅचपेक्षा मोठ्या भागावर पातळ थर द्यावा, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत पाचेक मिनिटं थांबावं आणि मगच पॅच मध्यापासून कडेकडे दाबावा. दमट हवेत आणखी थोडा वेळ द्यावा.

ट्यूबलेस टायरमध्ये हवा भरल्यावर पट्टीवर साबणाचं पाणी टाकून पाहावं. दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी हलवण्याआधी, दाब मोजावा. तापमान ५-६ अंशांनी उतरलं की दाब सुमारे १ पीएसआयने कमी होतो, त्यामुळे आदल्या दिवशी गरम टायरवर घेतलेल्या आकड्याशी तुलना करताना तेवढी सूट द्यावी. त्याहून जास्त उतरला आणि पट्टीवर बुडबुडे नसतील, तर व्हॉल्व्हच्या तोंडावर साबणाचा थेंब टाकावा. तो फुगला तर आतली पिन ढिली किंवा खराब आहे. पिन पान्याने बोटांच्या जोराइतकीच आवळायची. जास्त आवळली तर तिचं रबरी सील चेपतं आणि गळती वाढते.