ताप गेला, मग खोकला का जात नाही?

परवा संध्याकाळी ठाण्यात नौपाड्यातल्या एका औषधाच्या दुकानात उभी होते. पुढच्या बाई दुकानदाराला म्हणाल्या, "दादा, मागच्या वेळी दिली होती ना तीन गोळ्यांची स्ट्रिप, तीच द्या. ताप कधीच उतरला, पण पंधरा दिवस झाले तरी खोकला हटत नाही. आणि कफ बघा, हिरवा पडतोय." चिठ्ठी कोणी मागितली नाही. अॅझिथ्रोमायसिनची, म्हणजे जिवाणू मारणाऱ्या एका प्रतिजैविकाची, स्ट्रिप आली, पिशवीत पडली. मला राहवलं नाही, पायरीवरच त्यांच्याशी बोलले. पण उभ्या उभ्या पाच मिनिटांत सगळं थोडंच सांगता येतं! ते इथे लिहिते.

त्यासाठी मला माझ्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत जावं लागेल. तेव्हा प्राणिशास्त्राच्या प्रॅक्टिकलला बेडूक असे. आता ते बंद झालं, ते चांगलंच झालं. पण त्या दिवशी सरांनी दाखवलेली एक गोष्ट मी आयुष्यभर विसरले नाही. बेडूक मेलेला होता. सरांनी त्याचा जबडा उघडला, टाळूवर मिठाच्या पाण्याचे दोन थेंब सोडले आणि चिमट्याने खसखशीचा एक दाणा ठेवला. दाणा चालायला लागला! कोणी फुंकर मारली नव्हती, ट्रे तिरका नव्हता. तो सावकाश, न थांबता घशाकडे गेला आणि आत दिसेनासा झाला. दुसरा ठेवला, तोही गेला.

दाण्याला नेत होत्या त्या सिलिया, म्हणजे अस्तरावरचे हलणारे अतिसूक्ष्म केस. मराठीत त्यांना पक्ष्माभिका म्हणतात. मी सिलियाच म्हणेन, तोंडात तोच शब्द बसलाय. आपल्याही नाकापासून श्वासनलिकेच्या बारीक फांद्यांपर्यंत आतलं अस्तर या केसांनी भरलेलं आहे. एकेका पेशीवर साधारण दोनशे केस. लांबी मिलिमीटरचा जेमतेम दीडशेवा भाग. सेकंदाला दहा ते पंधरा वेळा ते हलतात, आपण जागे असू की झोपलेले.

अस्तरावर दोन थर असतात. खाली पातळ, पाण्यासारखा, सिलियांच्या उंचीएवढाच. त्यावर चिकट शेंबडाचा. सिलिया ताठ उभी राहून पुढे फटका मारते तेव्हा तिचं टोक वरच्या चिकट थराला टेकतं आणि त्याला ढकलतं. परत येताना ती वाकते आणि खालच्या पातळ थरातून आडवी सरकत मागे येते, म्हणजे शेंबूड मागे ओढला जात नाही. शेजारची सिलिया किंचित उशिराने तेच करते, तिच्या पुढची आणखी उशिराने. भाताच्या शेतावरून वारा जाताना जशी लाट पळते तशी ही लाट पळते. छातीत ती वरच्या दिशेने, नाकात मागच्या दिशेने. दोन्हीकडचा माल घशाशी येतो आणि आपण तो नकळत गिळतो. पोटातलं आम्ल त्यातल्या बहुतेक जंतूंचा निकाल लावतं. ठाणे स्टेशनच्या सरकत्या जिन्यावर नुसतं उभं राहिलं तरी माणूस वर पोचतो, तसंच घोडबंदर रोडवरची धूळ, परागकण, जिवाणू, विषाणू, जे चिकटेल ते या जिन्याने वर येतं. श्वासनलिकेत वेग मिनिटाला साधारण पाच ते दहा मिलिमीटर.

आता थोडं आणखी आत शिरते, कारण मला सगळ्यात आवडतं ते इथे आहे. सिलिया आडवी कापून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तर कडेने नऊ जोडनळ्या आणि मधोमध दोन सुट्या नळ्या दिसतात. पॅरामेशियम या एकपेशीय जिवात हीच रचना, बेडकात हीच, आपल्यातही हीच. प्रत्येक जोडनळीला डायनीन नावाच्या प्रथिनाचे हात असतात. एटीपीची, म्हणजे पेशीतल्या इंधनाची, ऊर्जा वापरून हे हात शेजारच्या जोडनळीवर पावलं टाकतात, म्हणजे नळ्या एकमेकींवरून घसरायला बघतात. मग सिलिया वाकते कशी? एक जाड वही वाकवून पाहा: पानं एकमेकांवरून घसरतात. आता उलट करा. शिवण पक्की ठेवून पानं घसरवायचा प्रयत्न केला तर वहीला वाकावंच लागतं. नळ्या बुडाशी आणि मध्येमध्ये बांधलेल्या असतात, म्हणून घसरण्याचं वाकणं होतं.

काही मुलं डायनीनचे हात नसलेलीच जन्मतात. स्वीडनच्या ब्योर्न अफझेलियस यांनी १९७६ साली हे दाखवलं. या मुलांना नाकाचा, सायनसचा, फुप्फुसांचा संसर्ग पुन्हापुन्हा होतो. आणि त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांचं हृदय उजवीकडे असतं! गर्भात डावं-उजवं ठरतं तेव्हाही काही सिलिया फिरून द्रव एका बाजूला वाहवत असतात. त्या थांबल्या की हृदय कोणत्या बाजूला जाईल हे नाणं उडवल्यासारखं होतं.

तर, जिना असा आहे. श्वसनाच्या रोगांचे जंतू पाहायचे तर मी एकच प्रश्न विचारते: हा जिन्याशी कसा वागतो?

सर्दीचे ऱ्हायनोव्हायरस शंभराहून जास्त प्रकारचे आहेत. ते बहुधा नाकातच राहतात, अस्तराची फारशी मोडतोड करत नाहीत, म्हणून सर्दी लवकर आवरते. फ्लूचा विषाणू वेगळा. पेशीत शिरायला तो पेशीवरच्या साखरेच्या साखळ्यांच्या टोकाला, म्हणजे सियालिक आम्लाला, चिकटतो. तीच टोकं शेंबडातही भरपूर असतात, म्हणजे विषाणू आधी तिथेच अडकायला हवा. पण त्याच्याकडे न्यूरामिनिडेज नावाची कात्री असते. अडकला की तो ती टोकं कापतो, सुटतो आणि खाली सिलियावाल्या पेशींपर्यंत पोचतो. ऑसेलटामिव्हिर हे औषध हीच कात्री बोथट करतं. स्वाइन फ्लूच्या साथीत २००९ साली ते नाव घरोघरी झालं होतं.

फ्लूने त्या पेशी मरतात, सोलून निघतात. ताप चारपाच दिवसांत जातो, कारण विषाणू आटोक्यात येतो. जिना मात्र तुटलेलाच असतो. तळातल्या पेशी वाढून त्यांना नव्या सिलिया फुटायला काही आठवडे लागतात. तोवर जमलेला कफ वर आणायचा तर उरतो एकच उपाय, जोराची हवा. म्हणजेच खोकला. अमेरिकेत २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असा साधा खोकला सरासरी अठरा दिवसांच्या आसपास टिकतो असं निघालं. लोकांची अपेक्षा होती आठवड्याभराची. त्या बाई पंधराव्या दिवशी दुकानात आल्या होत्या.

कफाचा हिरवा रंगही जिवाणूंचा पुरावा नाही. तो आपल्याच न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशींमधल्या लोहयुक्त एन्झाइमचा आहे. सुरुवातीला त्याचं नावच व्हर्डोपेरॉक्सिडेज होतं, व्हर्डो म्हणजे हिरवा. साध्या विषाणूच्या सर्दीतही या पेशी येतात आणि कफ हिरवा होतो. अॅझिथ्रोमायसिनने विषाणू मरत नाही, सिलिया वाढत नाहीत. अंगावरचे इतर जिवाणू तेवढे औषधाला सरावतात.

मात्र तुटलेल्या जिन्याचा फायदा घेणारे जिवाणू असतात, हेही खरं. घशात शांत बसलेला न्यूमोकोकस अशा वेळी खाली उतरतो. जून १९१८ मध्ये मुंबईत आलेल्या इन्फ्लुएन्झाने पुढे देशात एक कोटीहून जास्त माणसं नेली. त्या साथीतल्या जपून ठेवलेल्या फुप्फुसांच्या नमुन्यांचा २००८ साली अभ्यास झाला, तेव्हा बहुतेक मृत्यू असे मागाहून आलेल्या जिवाणूंच्या न्यूमोनियाने झाल्याचं दिसलं. म्हणून ताप उतरून पुन्हा चढला, धाप लागली, छातीत दुखलं, तर तडक डॉक्टरांकडे जायचं.

डांग्या खोकल्याचा जिवाणू बोर्डेटेला तर सिलियांनाच पकडून बसतो आणि त्याचं विष नेमक्या त्याच पेशी मारतं. पुढे औषधाने जंतू गेला तरी खोकला आठवडेच्या आठवडे चालतो. तान्ह्या बाळांना सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना देतात त्या लसीत याचाच बंदोबस्त आहे. ते डोस चुकवू नयेत, हे मी हात जोडून सांगते.

कोरोनात कापूर, ओवा, लवंगांची पुरचुंडी हुंगली की ऑक्सिजन वाढतो, असे मेसेज फिरले. कापराने नाक गार आणि मोकळं वाटतं, रक्तातला ऑक्सिजन वाढत नाही. वाफेने बरं वाटतं, पण विषाणू मरत नाही आणि दरवर्षी मुलं मात्र उकळत्या पाण्याने भाजतात. तसाच जानेवारी २०२५ मध्ये 'नव्या चिनी विषाणू'चा गाजावाजा झाला. तो एचएमपीव्ही २००१ सालीच नेदरलँड्समध्ये ओळखला गेला होता आणि त्याच्या कितीतरी आधीपासून माणसांत फिरत होता.

राहिला क्षयाचा जंतू. तो जिन्यावर पायच ठेवत नाही. खोकल्यातून उडालेले अगदी बारीक कण, पाच मायक्रॉनच्या आतले, हवेबरोबर थेट वायुकोशांपर्यंत जातात आणि तिथे सिलिया नाहीत. तिथली राखण मॅक्रोफेज पेशींकडे. त्या जंतू गिळतात, आणि हा गिळल्यावर आतच राहतो. म्हणून अठरा दिवसांची सरासरी सांगून मी त्या बाईंना घरी पाठवलं नाही. आपल्या देशात दोन आठवड्यांहून जास्त खोकला असला की बेडका, म्हणजे खोकून काढलेला कफ, तपासायचाच, हा नियम आहे, आणि सरकारी, पालिकेच्या दवाखान्यात ती तपासणी फुकट होते. शिवाय अॅझिथ्रोमायसिनच्या तीन गोळ्यांत निदानाचे दिवस वाया जातात.

दोन नमुने लागतात, एक तिथेच दिलेला आणि एक सकाळी उठल्याउठल्या. चूळ भरायची, खोल श्वास घ्यायचा आणि छातीतून येईल तो डबीत घ्यायचा, नुसती थुंकी चालत नाही. सकाळचा नमुना चांगला असतो, कारण झोपेत खोकला कमी येतो आणि रात्रभराचा कफ छातीत साचून राहिलेला असतो.