५२ टक्के की ५२ पर्सेंटाइल? बी. फार्मच्या दारातला नेहमीचा घोळ

जूनमध्ये फोन वाजला की प्रश्न काय असणार ते मला आधीच ठाऊक असतं. "सर, पोरीला ५२ टक्के पडलेत. बी. फार्म मिळेल का?" मी विचारतो, कुठले ५२? बारावीचे की सीईटीचे, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेचे? बारावीचे असतील तर सगळे विषय धरून, की फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीचे? पलीकडे शांतता. मग "थांबा हं, तिलाच देतो." पोरगी फोनवर येते आणि कळतं की ते ५२ टक्के नव्हेतच, सीईटीचं पर्सेंटाइल आहे. बारावीचे गुण सांगायला ती कचरत असते, आणि खरी अडचण नेमकी तिथेच असते.

महाराष्ट्रात बी. फार्मच्या, म्हणजे फार्मसीच्या पदवीच्या, प्रवेशासाठी हे दोन्ही आकडे लागतात, पण दोन वेगळ्या कामांना. बारावीचे टक्के दारात तपासले जातात. दारातून आत गेल्यावर रांगेत कुठे उभं राहायचं, ते सीईटीचं पर्सेंटाइल ठरवतं. दारावर ४६ टक्केवाली आणि ९६ टक्केवाली सारख्याच. रांगेत मात्र बारावीचे टक्के जवळजवळ कुणी विचारत नाही. दोघींचं पर्सेंटाइल अगदी शेवटच्या दशांशापर्यंत सारखं आलं, तरच बरोबरी सोडवण्याच्या नियमांत बारावीचे गुण डोकं वर काढतात.

आधी दार पाहू. बी. फार्मसाठी फिजिक्स आणि केमिस्ट्री सक्तीचे, सोबत मॅथ्स किंवा बायोलॉजी (बायोटेक्नॉलॉजीसारखे एकदोन पर्यायही चालतात). या तीन विषयांत मिळून खुल्या गटाला किमान ४५ टक्के लागतात. महाराष्ट्रातल्या मागास प्रवर्गांना, ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) आणि दिव्यांग उमेदवारांना ४० टक्के. वाक्यातला कळीचा शब्द आहे 'मिळून'. प्रत्येक विषयात ४५ लागत नाहीत, आणि सहाही विषयांची सरासरी तर मुळीच चालत नाही. तीन विषयांचे ३०० गुण, म्हणजे खुल्या गटाला १३५ आणि सवलतीच्या गटाला १२०.

समजा एका मुलाचे गुण असे आहेत: फिजिक्स ३८, केमिस्ट्री ४४, बायोलॉजी ५२, इंग्रजी ६२, मराठी ७१, भूगोल ६९. सहाशेपैकी ३३६, एकूण ५६ टक्के. घरात पेढे वाटून झाले. पण तीन विषयांची बेरीज १३४ भरते, म्हणजे ४४.६७ टक्के. खुल्या गटात हा मुलगा एका गुणानं दाराबाहेर. इथे भूगोलातले ६९ कामाला येत नाहीत. याच्या शेजारी राहणारी मुलगी एकूण ५० टक्क्यांवर अडकली असेल, पण फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीत मिळून १४० असतील, तर ती पात्र. गुणपत्रिकेच्या तळाशी छापलेला टक्क्यांचा आकडा फार्मसीपुरता विसरा आणि तीन ओळींची बेरीज स्वतः करा.

सवलतीच्या ४० टक्क्यांबद्दल एक गोष्ट लोक हमखास विसरतात. ही सवलत जातीमुळे आपोआप मिळत नाही, कागदांमुळे मिळते. जातीचा दाखला, जात वैधता (तो दाखला पडताळल्याचं प्रमाणपत्र), लागू असेल तिथे नॉन-क्रिमीलेअर (घरचं उत्पन्न मर्यादेत असल्याचा दाखला). कागद वेळेत दाखवता आला नाही तर अर्ज खुल्या गटात धरला जातो. ज्याचे १५० आहेत त्याची यानं फक्त जागा खाली घसरते. ज्याचे १२८ आहेत तो थेट अपात्र होतो, कारण खुल्या गटाचं दार १३५ वर आहे. कमी गुणांच्या मुलाला कागद जास्त जपावे लागतात, ते यामुळे.

आता पर्सेंटाइल. मराठीत याला शततमक म्हणतात, पण तो शब्द बोलताना मी अजून कुणाच्या तोंडी ऐकलेला नाही. एमएचटी-सीईटी, म्हणजे हीच सीईटी, २०० गुणांची. २०१९ पासून ती संगणकावर, अनेक दिवस, वेगवेगळ्या सत्रांत होते. प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका वेगळी, त्यामुळे एखादी सोपी जाणार, एखादी घाम फोडणार. सकाळच्या सत्रातले ८० आणि दुपारच्या सत्रातले ८० एकाच तराजूत घालणं अन्यायाचं. म्हणून प्रश्न बदलला. तुला किती गुण पडले, याऐवजी तुझ्या सत्रातल्या किती जणांना तुझ्याइतके किंवा तुझ्याहून कमी पडले?

एका सत्रात २०,००० मुलं बसली असं धरू. तुला २०० पैकी ७८ पडले. टक्क्यांत मोजलं तर ३९, ऐकणारा नाक मुरडणार. पण त्या सत्रात १५,००० जणांना ७८ किंवा त्याहून कमी असतील, तर तुझं पर्सेंटाइल ७५. गुण तेच, आणि आकडा जवळजवळ दुप्पट. त्यामुळे '७५ पर्सेंटाइल म्हणजे दीडशे गुण' असा हिशेब करणारा मामा चुकतो, आणि '५२ म्हणजे जेमतेम पास' म्हणणारी मावशीही चुकते. सीईटीत पास-नापास हा प्रकारच नाही. शून्याहून जास्त गुण असले की मेरिटच्या यादीत नाव येतं.

हा फरक किती टोकाला जातो ते 'नीट'मध्ये, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेत दिसतं. तिथे खुल्या गटाची पात्रता वर्षानुवर्षं ५० पर्सेंटाइल आहे. २०२२ मध्ये ७२० पैकी ११७ गुणांना ती ओलांडता आली, २०२३ मध्ये १३७ लागले. १३७ म्हणजे टक्क्यांत अवघे १९. रेघ जागची हलली नाही, तिच्याखालची जमीन वरखाली झाली.

सीईटीच्या गुणपत्रिकेवर विषयांची पर्सेंटाइलं वेगळी आणि एकूण वेगळं छापलेलं असतं. मुलं तीन विषयांची सरासरी काढतात, ती एकूण आकड्याशी जुळत नाही, आणि मग 'निकाल चुकला' म्हणून रडारड होते. निकाल चुकलेला नसतो. एकूण पर्सेंटाइल हे एकूण गुणांवरून स्वतंत्र काढतात. पर्सेंटाइलांची सरासरी काढणं म्हणजे तीन वेगवेगळ्या रांगांतले क्रमांक एकत्र मिसळणं.

मग कमी गुणवाल्यानं काय समजायचं? 'कमी' कुठे आहे, त्यावर सगळं अवलंबून. बारावीत तीन विषयांत १३८ आणि सीईटीत ८८ पर्सेंटाइल, अशा मुलाला मी काळजी करू नको म्हणतो. बारावीचा डाग रांगेत दिसत नाही. उलट बारावीत २५० आणि सीईटीत ३० पर्सेंटाइल असलेली मुलगी दारातून ऐटीत आत जाईल, पण मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेसारख्या (आयसीटी) ठिकाणाचं किंवा कराड, अमरावतीच्या सरकारी फार्मसी कॉलेजचं नाव तिनं पसंतीक्रमात नुसतं हौसेनं भरावं. तिला जागा मिळणारच नाही असं मात्र नाही. फार्मसी कौन्सिलनं २०१९ मध्ये नव्या कॉलेजांवर पाच वर्षांची बंदी आणली होती, ती २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टात टिकली नाही. आता तालुक्याच्या गावीही फार्मसीची पाटी दिसते आणि शेवटच्या फेरीनंतरही जागा रिकाम्या राहणारी कॉलेजं आहेत. तिथे ३० पर्सेंटाइललाही प्रवेश होतो. ते कॉलेज घ्यावं का, हे तिथली प्रयोगशाळा आणि शिक्षक डोळ्यांनी पाहून ठरवायचं.

खरी कोंडी १३४ वाल्याची. त्याला सीईटीत ९५ पर्सेंटाइल असलं तरी दार उघडत नाही. अशा वेळी 'मॅनेजमेंटमधून करून देतो' म्हणणारा कुणीतरी भेटतोच. संस्था स्तरावरच्या, म्हणजे कॉलेज स्वतः भरतं त्या, जागांनाही पात्रतेची तीच अट असते, आणि अपात्र मुलाचा प्रवेश पुढे प्रवेश नियामक प्राधिकरणाकडे मान्यतेला गेला की अडकतो. देणगी घेऊन प्रवेश देण्याला तर १९८७ च्या कायद्यानंच बंदी आहे. पैसे गेले, वर्ष गेलं, आणि पावतीही नाही, असं मी पाहिलंय.

सरळ वाट म्हणजे बोर्डाची श्रेणीसुधार परीक्षा, पास झालेल्यानं गुण वाढवायला पुन्हा द्यायची. एक गुण हवा असेल तर ३८ च्या फिजिक्सचा अभ्यास करायचा, ५२ च्या बायोलॉजीचा नव्हे, कारण खालून वर यायला जागा तिथे जास्त. पण सीईटीचा निकाल त्याच वर्षापुरता चालतो. बारावी सुधारून पुढच्या वर्षी यायचं तर सीईटीही पुन्हा द्यावी लागते. हे न कळल्यानं जुनं ९५ पर्सेंटाइल फाइलमध्ये जपून ठेवणारी मुलं भेटतात.

दुसरी वाट डी. फार्मची, म्हणजे फार्मसीच्या पदविकेची. इथे आत्तापर्यंतचं सगळं उलटं होतं. डी. फार्मला सीईटी नाही. आवश्यक विषयांसह बारावी सायन्स उत्तीर्ण असलं की दार उघडं, ४५ ची अट नाही, पण रांग बारावीच्या गुणांवर लागते. बी. फार्ममध्ये जो आकडा दारात राहिला होता, तोच इथे क्रमांक ठरवतो. दोन वर्षांचा अभ्यास, त्यावर किमान तीन महिन्यांत ५०० तासांचं प्रत्यक्ष प्रशिक्षण. पुढे बी. फार्मच्या थेट दुसऱ्या वर्षात जाण्याची सोय आहे, तिच्या अटी वेगळ्या. १३४ वाल्याला औषधाच्या दुकानातच उभं राहायचं असेल, तर त्यानं वर्षभर एका गुणासाठी झुरण्यापेक्षा डी. फार्म घ्यावं असं माझं मत. कंपनीत किंवा संशोधनात जायचं असेल तर वर्ष घालवून बारावी सुधारावी.

पात्रतेचे आकडे आणि फेऱ्यांचे नियम सीईटी सेल (ही परीक्षा आणि प्रवेश सांभाळणारं सरकारी कार्यालय) दरवर्षी माहितीपुस्तिकेत छापतं. गेल्या वर्षीची पुस्तिका मोबाइलमध्ये असेल तर आधी ती पुसून टाका.

आणि ती ५२ पर्सेंटाइलवाली? तिला फोनवरच बेरीज करायला लावली. १२९ निघाले. ओबीसीचा दाखला होता, जात वैधता होती. नॉन-क्रिमीलेअर काढून झालं होतं, पण त्याची मुदत ३१ मार्चला संपली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला बाप-लेक सेतू केंद्राच्या रांगेत होते.