गोळी एक, कामं दोन

घानामध्ये विनापरवाना सोनं काढण्याला ‘गलामसे’ म्हणतात. ‘गोळा करा आणि विका’ अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांचा तोंडातोंडी झिजून झालेला हा अवतार. ओबुआसी, टार्क्वा, डंक्वा या पट्ट्यात माणसं कुदळ घेऊन खड्ड्यात उतरतात. उतरत्या फळीवर जाजमाचा तुकडा अंथरायचा, त्यावरून गाळ पाण्याबरोबर सोडायचा. माती वाहून जाते, जड सोनं धाग्यांत अडकतं. मग ते पाऱ्यात कालवायचं. दिवसभर वाकून हे करायचं तर पाठ बोलणारच, आणि त्यावर तिथे सर्रास घेतलं जाणारं औषध म्हणजे ट्रॅमाडॉल.

हे अफूच्या जातकुळीतलं, पण कारखान्यात बनणारं वेदनाशामक. गंमत अशी, की ते दोन वाटांनी काम करतं. यकृतातलं एक एन्झाइम त्याचं रूप बदलतं आणि तो बदललेला रेणू मेंदूत मॉर्फिनच्याच जागी जाऊन बसतो. दुखणं थांबतं. मूळ रेणूचा उद्योग वेगळाच: चेतापेशींमधल्या फटीत सुटलेली निरोप्या रसायनं म्हणजे सेरोटोनिन आणि नॉरअ‍ॅड्रेनलिन तो पटकन परत शोषू देत नाही. सेरोटोनिन असं रेंगाळलं की वीर्यपतन लांबतं. नैराश्यावरच्या कित्येक गोळ्यांचा हाच दुष्परिणाम आहे, आणि शीघ्रपतनावर ट्रॅमाडॉलच्या लहान मात्रेचे रीतसर प्रयोगही झालेत.

म्हणून जी गोळी दिवसा कुदळ चालवायला, तीच रात्री ‘जास्त वेळ’ टिकायला. ही दुहेरी कीर्ती लक्षात न घेता नुसतं ‘नशा करू नका’ सांगणाऱ्यांचं कोण ऐकणार?

डॉक्टर एका वेळी 50 किंवा 100 मिलिग्रॅम देतात. दिवसाची कमाल मर्यादा 400. चोरट्या बाजारातल्या गोळ्या मात्र 200, 225, 250 मिलिग्रॅमच्या. म्हणजे 250 ची सकाळी एक आणि रात्री एक घेतली की 500. ट्रॅमाडॉलनं फिट येऊ शकते आणि मात्रा वाढली की तो धोका वाढतो. खड्ड्याच्या तळाशी फिट आली तर वर ओढणार कोण? त्यात अक्पेतेशी, म्हणजे तिथली गावठी दारू, पोटात असेल तर श्वासच मंदावतो. अफूवर्गी विषबाधेवरचा हुकमी उतारा नालॉक्सोन. तोही इथे अर्धाच लागू पडतो, कारण सेरोटोनिनच्या वाटेवर त्याचं काही चालत नाही.

आणि मर्दानगीचं म्हणाल, तर अफूवर्गी औषधं दीर्घकाळ घेतल्यावर मेंदूकडून वृषणांना जाणारे संकेत क्षीण होतात, टेस्टोस्टेरॉन घटतं, इच्छा आणि ताठरता दोन्ही ओसरतात. मग गडी आणखी एक गोळी घेतो.

संभोग लांबला, ओलावा संपला की घर्षण वाढतं, कंडोम फाटण्याची शक्यता वाढते, नाजूक त्वचेला चरे पडतात. तिथून एचआयव्हीला वाट मोकळी. सोनं विकल्याच्या दिवशी हातात रोकड असते, घर लांब असतं. खाणीभोवती गाळ वाहणाऱ्या, जेवण विकणाऱ्या, देहविक्रय करणाऱ्या बायकाही असतात. हा वाढीव वेळ त्यांना हवाय का, हे कुणी विचारत नाही. परमा (गनोरिया) झाल्याचं पुरुषाला जळजळीनं कळतं, बाईला पुष्कळदा काहीच जाणवत नाही. तो टपरीवरून दोन-चार अँटिबायोटिकच्या गोळ्या आणतो आणि बरं वाटलं की थांबतो. ती तशीच राहते.

या गोष्टीचं एक टोक आपल्याकडे आहे. ट्रॅमाडॉलचा मोठा साठा भारतातूनच पश्चिम आफ्रिकेत जात होता. 2018 मध्ये भारतानं ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणलं. मग टॅपेंटाडॉल हे वेदनाशामक आणि कॅरिसोप्रोडॉल हे स्नायू सैल करणारं औषध एकत्र केलेल्या गोळ्या निघाल्या. 2025 च्या फेब्रुवारीत मुंबईच्या एका औषध कंपनीच्या या गोळ्या घानाच्या रस्त्यांवर विकल्या जात असल्याचं बीबीसीनं उघड केलं, आणि सरकारनं या मिश्रणाचं उत्पादन व निर्यात थांबवली. टॅपेंटाडॉलही अफूवर्गीच, मात्र सेरोटोनिनवर त्याचा जोर फारसा नाही. म्हणजे रात्रीचा वेळ वाढवणारी मुख्य कळच या नव्या गोळीत अधू आहे.